केलाँगचा मुक्काम आणि गाडीतली ऊब

पंढरपूरची चंद्रभागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण मैत्रिणींनो, हिमाचलातही एक चंद्रभागा आहे बरं का! लाहौलच्या खोऱ्यात तांडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या भेटतात आणि पुढे एकच चंद्रभागा होऊन वाहू लागतात. जम्मूकडे गेल्यावर तीच चिनाब. गंमत म्हणजे दोघींचं माहेर एकच, बारालाचा खिंड. एक या अंगाने निघते, दुसरी त्या अंगाने, आणि लांबचा वळसा घालून तांडीला पुन्हा गळाभेट.

मनालीहून लेहला गाडीने जाणारे बहुतेक लोक तांडीला पेट्रोल भरतात आणि घाईघाईने पुढे सुटतात. तुम्ही तसं करू नका. तिथून आठेक किलोमीटरवर केलाँग आहे, लाहौल-स्पितीचं जिल्ह्याचं ठिकाण. तिथे निदान दोन रात्री राहा. उंची सुमारे १०,००० फूट. पुढे १६,००० फुटांची खिंड ओलांडायची असते, तेव्हा शरीराला सवय होते हा एक फायदा. दुसरा फायदा आमच्या गाडीने आम्हाला शिकवला, तोच आज सांगायचा आहे.

आमची गाडी जुनी, दुसऱ्या हातची, डिझेलवर चालणारी. २०२२ च्या सप्टेंबर अखेरीस आम्ही निघालो तेव्हा हे, मी आणि आमच्या वन्सं असे तिघं होतो. मनाली सोडली, अटल बोगद्यात शिरलो. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. त्याआधी रोहतांगची १३,००० फुटांची खिंड ओलांडल्याशिवाय लाहौलात जाता येत नसे, आणि बर्फ पडलं की महिनोन्‌महिने खोऱ्याचं दारच बंद. आता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे! अलीकडे हिरवीगार देवदारांची झाडी आणि पलीकडे उघडेबोडके डोंगर, त्यांच्या पायथ्याशी बटाटा, मटार, फ्लॉवरची शेतं. डोळ्यांना क्षणभर पटतच नाही.

बोगद्यानंतर गार वारा झोंबू लागला म्हणून यांनी हीटरचा पंखा तीनवर केला. पाचच मिनिटांत डॅशबोर्डातून कर्र कर्र आवाज, मग रबर जळल्याचा वास, आणि पाठोपाठ धुराची एक बारीकशी रेघ. यांनी गाडी कडेला घेतली, चावी काढली, बॉनेट उघडलं आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर सोडवली. एवढं एक काम तुम्हीही शिकून ठेवा. वायर जळताना नुसती चावी बंद करून भागतंच असं नाही, कारण काही वायरींत चावी काढल्यावरही वीज असते. बॅटरीच सुटली की पुढचा अनर्थ टळतो.

आता तुम्ही म्हणाल, हीटर नाही तर नाही, शाली आहेत की! वन्संही तेच म्हणाल्या. पण थंडी ही त्यातली लहान अडचण. खरी भीती काचेची. बंद गाडीत तीन माणसांच्या श्वासाने पुढची काच आतून धूसर होते, आणि खिंडीत तर त्या वाफेचं बर्फच होतं. हीटरचा पंखा गरम हवा काचेवर फुंकतो म्हणून चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. एका बाजूला दरी आणि समोर दुधी काच, अशा अवस्थेत बारालाचा चढायची माझी तयारी नव्हती. हे म्हणत होते, फडक्याने पुसत जाऊ. मी स्पष्ट सांगितलं, पंखा फिरल्याखेरीज मी केलाँगच्या पुढे यायची नाही. शेवटी पंख्याची वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळला, बॅटरी जोडली आणि हळूहळू केलाँग गाठलं.

बाजाराच्या खालच्या अंगाला मिस्त्रींचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि डब्यांची रास. मिस्त्री चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांची बायको दाराशी उन्हात चार सुयांवर लोकरीचे मोजे विणत बसली होती. लाहौलचे हे नक्षीचे मोजे आणि हातमोजे नावाजलेले आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मला बसायला स्टूल दिलं, खारट चहा दिला. (पहिला घोट कठीण जातो, दुसरा बरा लागतो.)

मिस्त्रींनी समोरचा कप्पा काढला, तीन स्क्रू सोडवले आणि पंखा बाहेर ओढला. खारीच्या पिंजऱ्यासारखी त्याची गोल जाळी असते. तिच्यात काय नव्हतं! वाळकी पानं, धूळ, शेंगदाण्याची फोलपटं आणि उंदराने आणून ठेवलेला कापसाचा बोळा. पंख्याचं बुश कोरडं पडलेलं. अशी मोटर अडखळत फिरते आणि जास्त वीज खेचते. आपला मिक्सर चटणी घट्ट झाली की कसा तापतो, अगदी तसंच.

पण तेवढ्याने वायर जळायला नको होती. फ्यूज उडायला हवा होता. मिस्त्रींनी फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. झाकणावर लिहिलं होतं २० आणि लावला होता ३० चा! शिवाय पंख्याच्याच वायरीवरून आधीच्या मालकाने पुढच्या दोन जादा दिव्यांना जोडणी घेतलेली. आता बघा, गाडीची वीज बारा व्होल्टची. २० अँपिअरच्या फ्यूजमधून साधारण २४० वॅट जाऊ शकतात, वायर तेवढ्याच बेताची असते. फ्यूज मोठा घातला की तो शाबूत राहतो आणि वायर जळते. “भाभीजी, फ्यूज चौकीदार है,” मिस्त्री म्हणाले. “चौकीदार को सुला दिया किसी ने.”

दुरुस्तीला दुपार गेली. ब्रशने जाळी झाडली. बुशला दोन थेंब तेल दिलं. मोटरचे कार्बन झिजले होते. तसे नेमके कार्बन दुकानात नव्हते, तेव्हा डब्यातले मोठे काढून पॉलिश कागदावर घासून मापाचे केले. बोगद्याआधीच्या दिवसांत हिवाळ्यात सुटा भाग मागवणं शक्यच नसे, म्हणून हात असे तयार झालेत, असं त्यांची बायको सांगत होती. मग मोटर बाहेरच बॅटरीला जोडून फिरवून पाहिली. आधी मोटर, मग वायर, हा क्रम मला फार आवडला.

जळलेली वायर त्यांनी नुसती टेपने झाकली नाही. काळवंडलेलं तांबं कापत कापत, लख्ख तांबूस दिसेपर्यंत मागे गेले, आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा डाग देऊन जोडला. प्लॅस्टिकचा सॉकेट वितळून गेला होता, तिथे पितळी टोकं बसवली. दिव्यांची जोडणी तोडून टाकली. आणि एक रिले घातला. रिले म्हणजे काय, तर बटणाने फक्त निरोप द्यायचा, भार रिलेने उचलायचा. त्यामुळे बटण तापत नाही. फ्यूज अर्थातच २० चा.

एक गोष्ट मात्र राहिली. पंख्याची एक आणि दोनची गती ज्या रेझिस्टरमधून येते, त्याची तार तुटली होती. ती लेहलाच मिळणार, म्हणजे तोवर पंखा एकदम तीनवर. तुमच्या गाडीत पंखा फक्त सगळ्यात जोरात चालत असेल आणि बाकी गती मेल्या असतील, तर दोष बहुधा याचाच असतो. मोटर बदलायला सांगणाऱ्याला आधी हे विचारा.

आणखी एक. हीटरची ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून येते. गाडीत गोडसर वास येऊ लागला आणि काचेवर तेलकट धूसर थर बसला, तर हीटरची आतली जाळी गळते आहे असं समजा. ते काम पंख्याचं नव्हे, रेडिएटरवाल्याचं.

मिस्त्रींनी सामानासह सातशे रुपये घेतले. मी दोन जोड मोजे घेतले, त्याचे पैसे जास्त झाले! संध्याकाळी भागेच्या पलीकडे कारदांगचा गोंपा उन्हात पिवळा झालेला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. जिस्पा, दारचा, मग झिंगझिंगबारचा चढ. सूरजतालाशी, म्हणजे भागेच्या उगमाशी, हिमाची भुरभुर सुरू झाली. पंखा तीनवर घोंगावत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं, पण काच स्वच्छ होती. सरचूच्या तंबूंपाशी काही गाड्या रात्री इंजिन चालू ठेवून, काचा लावून, आत झोपायच्या बेतात होत्या. तसं कधीही करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. आम्ही इंजिन बंद केलं, तंबूत दोन-दोन रजया घेतल्या, आणि वन्संनी रात्रभर माझे नवे मोजे घातले. ते त्यांनी अजून परत दिलेले नाहीत.