नऊ प्रश्नांचा कागद

दिसायला साधा, एका पानाचा. डावीकडे नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन असे गुण, बेरीज फार तर 27. दहावर पोचली की डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. वीस किंवा त्यापुढे म्हणजे आजार तीव्र.

त्याचं नाव पीएचक्यू-9. जन्म अमेरिकेतला. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी 2001 साली त्याची पारख करून निबंध छापला. आता तो मराठीही बोलतो. मनोविकार विभागातल्या टेबलावर त्याची जागा, पण त्याचे पहिले दोन प्रश्न त्याच्याआधीच गावात पोचलेत. साक्री काय, यावल काय, आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा आरोग्याचा फॉर्म भरते, त्यात बीपी, शुगर, तंबाखूच्या जोडीला हे दोघं असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? मन खिन्न, निराश होतं का?

स्वभावानं तो फार सभ्य. "असं काय झालं तुला रडायला?" हे तो कधीच विचारत नाही. खान्देशात उदासी अंगातून बोलते. "डोकं दुखस", "हातपाय गयी ग्यात", मग बऱ्याच वेळानं "मन लागत नही". कागद या तक्रारींना नाटक म्हणत नाही. झोप, थकवा, भूक हे त्याचे तीन प्रश्नच शरीराचे आहेत.

कापूस घरात पडून आहे, पण काट्यावर न्यायचं त्राण नाही, अशा शेतकऱ्याचं बोट या कागदावरून फिरताना पाहावं. पहिल्या पाच प्रश्नांना ते "काही दिवस"वर टेकतं. सहावा प्रश्न येतो: आपण नालायक आहोत, घरच्यांना खाली पाहायला लावलं, असं वाटतं का? बोट सरळ शेवटच्या रकान्यात जातं. बायको शेजारीच बसलेली असते. तिला हे आत्ता कळतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणीतरी पाहतं. उत्तर "हो" आलं, तर बेरीज कितीही असो, माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचं, एकटं सोडायचं नाही आणि फवारणीचं औषध घरातून हलवायचं.

एवढा गुणी असूनही तो निदान करत नाही. त्याची नजर फक्त मागच्या दोन आठवड्यांची. दोन आठवडे ठाण मांडून बसलेलं तीव्र नैराश्य त्याला दिसतं. पण दोन वर्षांहून जास्त मंद आचेवर चालणारं, "त्याचा स्वभावच तसा" म्हणून घरानं स्वीकारलेलं नैराश्य त्याच्या बेरजेत किरकोळ वाटतं. ते आहे डिस्थायमिया. त्याला गोळ्या आणि समुपदेशन, दोन्हींची चिकाटी लागते. माहेरी आलेली ओली बाळंतीण बाळाकडे पाहून रडते, ती दृष्ट नव्हे, प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. कानात दोष देणारे आवाज येत असतील, तर वेगळी औषधं, कधी भूल देऊन विजेचे उपचार. थायरॉइड, बी-12, रक्त कमी असणं हेही तपासावं लागतं.

सर्वांत मोठी गोष्ट तो विचारतच नाही: याआधी कधी न झोपता, न थकता, उधळपट्टी करत दिवस काढलेत का? तसं असेल तर आजार द्विध्रुवी, आणि नुसती नैराश्याची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला फेकू शकते. तिथं लिथियमसारखं औषध लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ तापतं, घामानं अंगातलं पाणी जातं आणि रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर चढू शकतं. म्हणून पाणी पीत राहायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही आणि रक्ततपासणी चुकवायची नाही. उदासी वरून एकसारखी दिसते; प्रकार ओळखला नाही, तर औषधच चुकतं.

या कागदाचं खरं मोल तो दुसऱ्यांदा भरला जातो तेव्हा कळतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात; मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. नेमकी तेव्हाच माणसं गोळी सोडतात. टिकून राहिली, तर 19 ची बेरीज नऊवर येते. निम्मी उतरली म्हणजे उपचार लागू पडला. पाचाच्या खाली गेली म्हणजे लक्षणं जवळपास ओसरली. त्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 2015-16 साली, दर वीस भारतीयांत एकाला कधी ना कधी नैराश्य आल्याचं आढळलं. म्हणजे हा कागद प्रत्येक गल्लीत कुणाच्या तरी कामाचा आहे. पहिले दोन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ते घरातही विचारता येतात. उत्तर काळजीचं आलं, तर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि रात्री-अपरात्री टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. विचारणारं माणूस तेवढं आपण व्हायचं.