चौविहार आणि घोटभर पाणी



गेल्या आषाढात सासूबाईंचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. शौचाला काळपट रक्त दिसत होतं, पण सहा महिने त्या कुणाला बोलल्या नाहीत. अशक्तपणा वाढला, हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा कोलोनोस्कोपी केली. उजव्या बाजूला गाठ निघाली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट दाखवले आणि ऑपरेशन ठाण्यात केलं. गाठीचा भाग काढून आतड्याची टोकं जोडली. पोटावर पिशवी लावावी लागली नाही. "पिशवी घेऊन सामायिकला कशी बसू?" हीच त्यांची पहिली काळजी होती.

डोंबिवलीला घरी आणलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. त्यांचा चौविहार ३२ वर्षांचा. अन्न मुख्यतः लहान आतड्यात पचतं. मोठं आतडं उरलेलं पाणी आणि क्षार शोषून घेतं. त्याचा भाग काढला की सुरुवातीला जुलाबासारखं होऊ शकतं, अंगातलं पाणी जातं. म्हणून डॉक्टरांनी रात्रीही घोट घोट पाणी द्यायला सांगितलं होतं.

सासूबाईंनी मात्र सूर्यास्ताला पच्चक्खाण घेतलंच. तिसऱ्या रात्री त्या बाथरूमच्या दारातच चक्कर येऊन बसल्या. जीभ कोरडी पडलेली. मी पेला पुढे केला, त्यांनी मान फिरवली. "इतकी वर्षं सांभाळलं, आता मोडू?" मी घाबरले आणि नको इतकी चिडले.

सकाळी स्थानकात जाऊन साध्वीजींना सांगितलं. त्या घरी आल्या, मांगलिक ऐकवलं आणि म्हणाल्या, पच्चक्खाणात आगार असतात ते समाधी टिकावी म्हणूनच. बरं वाटेपर्यंत तिविहार करा, औषधाची सूट ठेवा.

त्या रात्रीपासून उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून उशाशी ठेवायला लागले. चमचा चहाचाच घ्यायचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

संवत्सरीला त्या रात्रीच्या चिडण्याबद्दल मी त्यांना खमावलं. त्या म्हणाल्या, "सहा महिने मी लपवलं, त्याचं मिच्छामि दुक्कडं आधी माझं."

दिवाळीनंतर डॉक्टरांना विचारून त्यांनी चौविहार पुन्हा सुरू केला.

मैत्रिणींनो, शौचाला रक्त दिसलं, रोजची सवय बदलली, तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. घरात सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्या सासूबाईंना, आईला आजच एकदा विचारा.