घसारा

नवी कोरी वस्तू घ्यावी आणि मग चार-चार महिने खपून ती जुनी, मळकी, तेलकट दिसेल अशी करावी, हा उद्योग शहाण्या माणसाचा नव्हे, असे आमच्या आईचे स्पष्ट मत आहे. वाचकांपैकीही पुष्कळांचे तेच मत होईल, याची मला कल्पना आहे. परंतु मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि जुने होण्याच्या क्रियेला आमच्या शास्त्रात एक भारदस्त नाव आहे : घसारा. मालमत्ता वापरली की झिजते. झिजली की दरसाल तिची किंमत थोडी कमी करून दाखवायची. हे आम्ही वहीत आकड्यांनी करतो. माडीवरच्या आठ फुटी फळीवर मी तेच रंगाने करतो आहे, इतकाच काय तो फरक.

त्या फळीवर रेल्वेचा रूळ आहे. त्याला कुणी खेळण्यातला म्हटले की मला राग येतो. लहान प्रमाणातला म्हणावे. शाळेच्या सहलीत पुण्याला कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले, तेव्हापासून हे वेड डोक्यात होते. रूळ मात्र मिळाला तो माझ्या एका कानडी मित्राच्या मामांकडून. बेंगळुरूच्या त्या मामांनी छंद सोडला आणि खोके भाच्याला दिले. हा मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो आहे. इंजिन त्याच्याकडे, रूळ माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. स्टेशन आम्ही केलेले नाही. स्टेशन केले की पाटी आली आणि पाटी आली की आमच्या गावात काय येते, हे बेळगावच्या वाचकाला सांगायला नको. आम्ही फक्त मधला मार्ग केला : देसूर, इदलहोंड, खानापूर या बाजूचा, एक सरळ तुकडा आणि एक वळण.

हाच तुकडा घेण्याचे कारण आमचे आजोबा. १९६७ साली ते गँगमन म्हणून लागले, पुढे कीमन झाले, आणि २००५ साली निवृत्त झाले. कीमन म्हणजे आपल्या हद्दीतला सगळा मार्ग रोज पायी चालून रुळाची प्रत्येक पकड तपासणारा माणूस. पूर्वी मीटरगेजला बिडाचे स्लीपर होते, त्यांच्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्याने सैल होत. त्या हातोडीने ठोकत जायचे. नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला, सिमेंटचे स्लीपर आले, चाव्या जाऊन स्प्रिंगच्या क्लिपा आल्या. हातोडी राहिली, चालणे राहिले. आता आजोबांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली नजर टिकावी म्हणून. उजवा डोळा जवळजवळ गेला आहे. डाव्याने ते मान किंचित वळवून पाहतात. रंग अजून ओळखतात, पण उजेड भरपूर हवा. म्हणून आमचे काम सकाळी दहा ते बाराच चालते, आणि परीक्षा तोंडावर असूनही मी ते पुढे ढकललेले नाही.

पहिल्या दिवशी मी आजोबांना माडीवर बसवले. त्यांनी दोन रुळांमध्ये बोट आडवे धरले आणि म्हणाले, “हे ना मीटर, ना ब्रॉड. कुठलं रे हे?”

खरे होते. आमचा रूळ १:८७ या प्रमाणाचा आहे आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणले की युरोपातले १४३५ मिलिमीटरचे माप येते. आपले ब्रॉडगेज १६७६ चे; ते या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या थोडे वर जायला हवे. मीटरगेज साडेअकराच भरले असते. “आपल्याकडे हे माप बेंगळुरूच्या मेट्रोला आहे, अज्जा,” असे मित्राने सांगितले. (तोही त्यांना अज्जाच म्हणतो, या एका शब्दासाठी आम्हा दोघांना भाषा बदलावी लागत नाही.) आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “रंग ब्रॉडचाच कर. मीटरचे रंग आता मलाच नीट आठवत न्हाईत.”

मी ब्रॉडचा करायला घेतला.

या छोट्या रुळाचा धातू निकेल सिल्व्हर म्हणून ओळखला जातो. त्यात चांदी औषधालाही नसते; तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्याला जन्मात गंज चढणार नाही, आणि म्हणूनच गंज रंगवावा लागतो. आधी स्पिरिटने रूळ पुसायचा, कारण हाताचे तेल राहिले तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग बारीक ब्रशाने रुळाच्या दोन्ही बाजू रंगवायच्या. हौशी माणूस येथे नारिंगी रंग उचलतो. नारिंगी हा ताज्या गंजाचा रंग. रोज गाडी जाणाऱ्या मार्गावर रुळाची बाजू चॉकलेटसारखी गडद तपकिरी असते; कच्चे तपकिरी, थोडे काळे, आणि धुळीसाठी किंचित पांढरे असे मिसळले की जवळपास जाता येते. पोस्टर कलर मात्र घेऊ नये. पुढे खडी चिकटवताना पाणी लागले की तो विरघळून वाहतो. ॲक्रिलिक घ्यावा.

रुळाचा माथा तेवढा लगेच, रंग ओला असतानाच, फडक्याने पुसून काढायचा. येथे दिसण्याचा प्रश्न नाही. आमच्या इंजिनाची बारा व्होल्टची वीज रुळातूनच चाकात जाते. एक रूळ धन, दुसरा ऋण. माथ्यावर रंगाचा पापुद्रा राहिला की गाडी जागच्या जागी उभी. प्लॅस्टिकचे स्लीपर लाकडाच्या रेघांचे होते. त्या रेघा पॉलिश पेपरने घासल्या आणि सिमेंटचा राखी रंग दिला.

आता खडी. आमच्या घरात खडी, मित्राच्या घरात जल्ली, सरकारी कागदावर बॅलास्ट. गंजाला तो तुक्कु म्हणतो आणि रुळाला हळि. एकदा तो “हळिगे तुक्कु साकु” म्हणाला, म्हणजे रुळाला गंज पुरे, आणि आजोबा खुर्चीवरून “अजून हवा” म्हणाले, मराठीत. त्यांच्या गँगमध्ये मराठी, कानडी, तेलुगू असे सगळेच होते. कोण कुठल्या भाषेत ओरडतो, हे गाडी येताना कुणी पाहत नसे.

खऱ्या मार्गावर खडी ६५ मिलिमीटरपासून २० पर्यंतची असते. तिला ८७ ने भागले की पाऊण मिलिमीटरपासून पाव मिलिमीटरपर्यंत येते. घरामागे बांधकाम चालू आहे, तेथे क्रशरची काळ्या दगडाची कच पडली होती, मागून आणली. चहाच्या गाळणीतून एकदा गाळून मोठे कण काढले आणि आईच्या जुन्या मलमलीतून दुसऱ्यांदा गाळून भुकटी काढली. धुतली, उन्हात वाळवली. मग तीवरून लोहचुंबक फिरवला. हे पुष्कळांना सुचत नाही. दगडात लोहाचे कण असतात, इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो, आणि ते कण एकदा मोटरीत शिरले की इंजिन संपले. आमच्या दीड वाटी खडीतून चिमूटभर काळी पूड निघाली.

खडी कोरडीच चमच्याने पसरायची आणि मऊ ब्रशाने स्लीपरांच्या मधोमध सारायची. स्लीपरवर खडा नको, रुळाच्या आतल्या बाजूला नको, सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ तर मुळीच नको. मला वाटले होते, झाले. आजोबांनी वळणाच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवले आणि मान हलवली. वळणावर बाहेरच्या अंगाला खडीचा खांदा जास्त रुंद हवा. उन्हाळ्यात रूळ लांबतो, सरळ जायला जागा नसते, मग तो बाहेर ढकलतो. त्याला धरून ठेवते ती ही खांद्याची खडी. मी आणखी अर्धा चमचा घातली. आमचा रूळ कधीच लांबणार नाही, पण खांदा आता बरोबर आहे.

मग फेविकॉल : एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी. आधी खडीवर भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ते खडीत मुरते. नाहीतर फेविकॉलचा थेंब गोळीसारखा वर राहतो आणि खडेच घेऊन पळतो. “पोरगं खडीला साबण लावुलाय,” ही बातमी त्या दिवशी गल्लीभर झाली. फेविकॉल एकेक थेंब सोडायला आजोबांच्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या उत्तम. महिन्याला एक रिकामी होते. आठ फुटांना तीन लागल्या, म्हणजे मी तीन महिने वाट पाहिली.

येथवरचे काम कुणालाही पुस्तक वाचून करता येईल. खरा घसारा पुढे आहे. मी रंगाच्या वाट्या मांडून, सगळीकडे सारखा एक पातळ तपकिरी हात मारायला निघालो, तेव्हा आजोबांनी विचारले, “किलोमीटर कुठला?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी रूळ हा कुठल्या तरी किलोमीटरवरचा असतो. खानापूरच्या अंगाला माती तांबडी, जांभ्याची, पाऊस दांडगा. तेथे सांध्याखाली खडी दबली की चिखल वर येतो तो तांबडा. तीच गोष्ट घटप्रभेकडे झाली तर चिखल काळा. गाडी थांबायला ब्रेक लावते त्या टप्प्यात खडीवर लोखंडाची तपकिरी पूड बसते. निघते त्या टप्प्यात बसत नाही. इंजिन जेथे उभे राहते तेथे मधोमध तेलाचा काळा पट्टा. लोंढ्याकडे गेलात तर खनिजाची आणि कोळशाची धूळ. त्यांनी एक आकडा सांगितला आणि त्या किलोमीटरवर कितव्या सांध्याला दर पावसाळ्यात चिखल येई तेही सांगितले. तेथे मी तांबडा चिखल केला : गेरू, फेविकॉलचे पाणी, आणि कडेला वाळल्यासारखी फिकट कड. त्यांनी डावा डोळा जवळ नेऊन पाहिले आणि “पहार आण,” म्हणाले. ही त्यांची थट्टा होती, पण प्रशस्तिपत्रही होते.

कंपनी कायदा, २०१३, याच्या दुसऱ्या परिशिष्टात कारखान्याच्या खासगी रेल्वे साइडिंगचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले आहे. पुढे उरते ती फार तर पाच टक्के किंमत. सरळ रेषा पद्धतीने दरसाल सारखा घसारा. मी हे आजोबांना वाचून दाखवले. या हिशेबाने अडतीस वर्षांच्या नोकरीत ते अडीच वेळा भंगारात निघाले असते, असे मीच म्हणालो, आणि ते मोठ्याने हसले. परंतु सरळ रेषेत काहीच झिजत नाही, हे मला या फळीवर दिसते. सांधा आधी जातो, मधला भाग मागून. वळणाचा बाहेरचा रूळ आतल्याहून लवकर. परीक्षेत मी अर्थात सरळ रेषाच लिहीन.

एका रंगाबद्दल मात्र आम्ही अडलो आहोत. २०१० नंतरच्या दशकात डब्यांना जैवशौचालये बसली. त्यापूर्वी गाडीतले सगळे थेट रुळावर पडे, आणि त्याच रुळावर आजोबा आणि त्यांचे सोबती वाकून काम करीत. मित्राने सहज विचारले, “अज्जा, त्याचा डाग कसा दिसायचा?” आजोबांनी सांगितला : कुठे पडे, कुठल्या रंगाचा होई, उन्हात किती दिवसांनी पांढरा पडे. गाडी अंगावरून जाताना कडेला उभे राहून तोंड फिरवायचे, एवढे म्हणाले. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. आजीलाही नसावे, कारण ती स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत आली आणि तशीच परत गेली. तो रंग मी वाटीत तयार केला आहे. आजोबांना विचारले तर “तुझं तू बघ,” म्हणतात. तो अजून लावलेला नाही. मित्राच्या मते लावायलाच हवा, नाहीतर बाकीचा चिखलही खोटा. वाटीवर झाकण घालून ठेवली आहे, रंग वाळू नये म्हणून.

वळणाचे नऊ इंच उरले आहेत. वळणावर गाडीच्या चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते, तेथे काळे ग्रीस लावलेले असते. माथ्यावर नव्हे, फक्त आतल्या अंगाला. तो काळा चकचकीत हवा आणि माझे सगळे रंग बिनचमकीचे. आजोबांचा सल्ला असा की, खरेच ग्रीस लाव, काडीने, एक थेंब. खरे ग्रीस लावले तर आमच्या गाडीची चाके घसरतील आणि वीजही तुटेल, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. त्यांना ते पटलेले नाही. अडतीस वर्षांत त्यांनी ग्रीस लावलेल्या वळणावर एकही गाडी घसरली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.