राहिले फक्त एकोणनव्वद!

मैत्रिणींनो, दहावी-बारावीचा निकाल लागला की मिठाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सी.ए.चा निकाल मात्र दबक्या पावलांनी घरात येतो. पास झालेल्यांचे फोटो क्लासच्या फलकावर लागतात आणि नापास झालेली सून मुकाट्यानं भाजी निवडायला बसते!

आमच्या घरी असंच झालं. माझी धाकटी जाऊ सी.ए. इंटरमीजिएटच्या दुसऱ्या ग्रुपला दुसऱ्यांदा नापास झाली. पहिला ग्रुप तिनं आधीच काढलेला. पदरात अडीच वर्षांचा मुलगा. सासूबाई मायेनंच म्हणाल्या, "अगं, वर्षभर थांब. छोटू बालवाडीत जायला लागला की बघू." भाऊजी काही बोलले नाहीत. धाकटीनं मान डोलावली आणि पुस्तकं माळ्यावर टाकायला काढली.

मी बी.ए. शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण उत्तरपत्रिका तपासून तपासून एक गोष्ट कळून चुकली आहे, की नापास झालेली दोन मुलं कधीच सारखी नापास झालेली नसतात. म्हणून मी तिला म्हटलं, "पुस्तकं राहू देत. आधी गुणपत्रक आण."

तुमच्या घरी मुलगी, सून, नणंद, भाची अशी कुणी या परीक्षेला बसत असेल, तर हा हिशेब समजून घ्या. सी.ए.ची परीक्षा घेणारी संस्था १९४९ च्या कायद्यानं स्थापन झाली. तिच्या आताच्या अभ्यासक्रमात इंटरला सहा पेपर आहेत, तीन-तीनचे दोन ग्रुप. ग्रुप सुटायला दोन अटी लागतात. प्रत्येक पेपरात निदान ४० गुण, आणि तिन्ही मिळून ३०० पैकी १५०. एखादी प्रत्येक पेपरात ४५ मिळवूनही नापास होते, कारण बेरीज १३५ च होते. दुसरी १६० मिळवूनही नापास होते, कारण एका पेपरात ३८ असतात. दोघींचा आजार वेगळा, मग औषध एक कसं चालेल?

आमच्या धाकटीचे गुण असे होते: कॉस्टिंग ६१, ऑडिट ३६, फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरात ४७. बेरीज १४४. ऑडिटमध्ये चार कमी आणि बेरजेत सहा कमी. रडून रडून डोळे सुजवण्याइतकं हे अंतर आहे का, सांगा बरं!

शिवाय आणखी एक नियम आहे. ग्रुपचे सगळे पेपर देऊन नापास झालं, तरी एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण असतील, तर पुढच्या तीन परीक्षांत तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. ते गुण बेरजेत धरले जातात. म्हणजे कॉस्टिंगचे ६१ तिच्या खात्यात जमा होतेच. १५० मधून ६१ वजा केले, राहिले ८९. तेही दोन पेपरांत मिळून! कागदावर हा आकडा लिहिला तेव्हा ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "ताई, मी तर शून्यापासून सुरुवात करायची म्हणून घाबरले होते," म्हणाली.

आता सासूबाईंच्या "वर्षभर थांब"चा हिशेब बघा. इंटरची परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होऊ लागली. सवलतीच्या तीन परीक्षा तुम्ही बसा किंवा न बसा, मोजल्या जातातच. म्हणजे वर्षभर थांबलं की सवलतीची मुदत संपत आली. त्यानंतर सवलत टिकवायची, तर उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० गुण लागतात. मी हे सासूबाईंना पोळ्या लाटता लाटता सांगितलं. त्या जन्मभर घरखर्चाची वही लिहीत आलेल्या. लगेच म्हणाल्या, "म्हणजे साठवलेलं वाया जाणार? मग बसू दे हिला आत्ताच. दुपारी छोटूला मी झोपवीन."

तिची दुसरी चूक म्हणजे तिला वाटत होतं, आपलं पाठांतर कमी पडलं. संस्थेकडे निकालानंतर मुदतीत फी भरून अर्ज केला, की आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. (गुणपडताळणीचा अर्ज वेगळा. त्यात बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर बघतात, पेपर नव्यानं तपासत नाहीत.) आम्ही ऑडिटची प्रत मागवली. वाचली, आणि दुखणं समोर आलं. प्रश्न विचारला होता एका ठरावीक कंपनीच्या अडचणीवर, आणि हिनं धड्यातलं सगळं लांबलचक उतरवलेलं. शेवटचा प्रश्न अर्धाच. येत होतं सगळं, पण विचारलेलं लिहिलं गेलं नव्हतं आणि वेळही पुरला नव्हता.

मग अभ्यासाची पद्धतच बदलली. पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचं नाही, असं ठरलं. वाचलेलं डोळ्यांना ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं, आलं! अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा काही वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी नसते!

आमच्या घरात याची आवृत्ती स्वयंपाकघरात निघाली. सकाळी ती कुकर लावायची, मी कणीक मळायची आणि प्रश्न विचारायची. "दुकानदार म्हणतो, गोदामात शंभर पोती साखर आहे. खरं कशावरून?" ती आधी मराठीत समजावायची, की मोजणीच्या वेळी ऑडिटरनं स्वतः हजर राहायचं, वह्यांशी ताळा घ्यायचा. मग त्याचा नियम सांगायचा, एसए ५०१. तसंच पुरावा म्हणजे एसए ५००, धंदा पुढे तग धरेल का ते बघणारा एसए ५७०. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावा लागतो, मराठीत नाही. म्हणून रात्री तीच उत्तरं न बघता इंग्रजीत लिहायची. आधी नियम, मग या कंपनीला तो कसा लागू होतो, मग निष्कर्ष. तीन छोटे परिच्छेद, बस्स.

आणखी काही गोष्टी आम्हाला उपयोगी पडल्या, त्या सांगते.

एक, चुकांची वही. सोडवलेल्या प्रत्येक पेपरातली चूक तारखेसह लिहायची आणि पुढे कारण: विसरले, समजलं नव्हतं, घाई झाली. पंधरा दिवसांत कळलं, की 'घाई' सगळ्यांत जास्त वेळा आली आहे.

दोन, घड्याळ. तीन तासांत १०० गुण, म्हणजे पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. दहावं मिनिट लागलं की पुढे सरकायचं. ३० गुणांचे पर्यायी प्रश्न असतात आणि इंटरला त्यांत चुकीबद्दल गुण कापत नाहीत, तेव्हा एकही कोरा सोडायचा नाही.

तीन, दुपार. इंटरचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो. आपल्याकडे जेवण झालं की डोळे मिटायची सवय! म्हणून शेवटचा महिना दर रविवारी दोन ते पाच या वेळात संस्थेचे सराव पेपर सोडवले. त्या वेळात दारावरची बेल मी बघायची, छोटूला सासूबाई, आणि चारचा चहा भाऊजींनी करायचा. पहिल्या रविवारी साखर सापडेना म्हणून त्यांनी तिलाच हाक मारली. दुसऱ्या रविवारपासून डबे ओळखीचे झाले.

चार, नवी पुस्तकं नाहीत. संस्थेचं एक स्टडी मटेरियल, तिचे रिव्हिजन टेस्ट पेपर, आणि जुन्या परीक्षांची तिनंच छापलेली आदर्श उत्तरं. चार क्लासांच्या नोट्स म्हणजे चार सासवांचा सल्ला. शेवटी आमटीत मीठ घालायचंच राहून जातं.

धाकटीला ऑडिटमध्ये ४८ मिळाले, फायनान्शियल मॅनेजमेंटला ४९. ८९ हवे होते, ९७ झाले. फार मोठी उडी नाही ही. पण आता दोन वर्षांची आर्टिकलशिप आहे. रोज सी.ए.च्या ऑफिसात जायचं आणि फायनलचाही अभ्यास करायचा. छोटूला कोण सांभाळणार, सकाळचा डबा कोण भरणार, यावर आमच्या घरात सध्या रोज चर्चा चालते. सगळं सुटलंय असं म्हणणार नाही. पण परवा सासूबाईंनी स्वतःच्या वहीत 'धाकटीचं ऑफिस' असं एक नवं पान काढलेलं मी पाहिलं. रिक्षाचं भाडं, पाळणाघर, वरकामाची बाई.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा निकाल आला, तर "जाऊ दे ग" म्हणायची घाई करू नका, आणि "आता पुरे" तर मुळीच म्हणू नका. चहा ठेवा, कागद-पेन्सिल घ्या आणि तिच्या शेजारी बसून वजाबाकी करा. किती राहिले ते आधी कळू द्या. मग घरातलं कोणतं काम कुणाकडे जाईल, ते ठरवायला सोपं जातं.