केळापूरची वाट आणि कानातला रातकिडा

गेले चार महिने माझ्या डाव्या कानात एक रातकिडा मुक्कामाला आहे. वर्गात ‘अनाहत नाद’ मी मोठ्या थाटात समजावून सांगत असे. तो असा घरी राहायला येईल हे ध्यानीमनी नव्हते! सुश्रुताने कानाच्या 28 रोगांत ‘कर्णनाद’ मोजलाच आहे म्हणा.

लसणाचे तेल झाले, शेवटी यवतमाळ गाठले. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून श्रवणशक्ती मोजली. उंच पट्टीचे सूर कमी ऐकू येतात, म्हणाले. आतल्या नाजूक केसपेशी झिजल्या की मेंदू ती उणीव आपल्याच आवाजाने भरू पाहतो. त्यावर हमखास गुणाची गोळी नाही. पुढेमागे ‘स’, ‘श’ पुसट होतील, हे ऐकून मात्र पोटात गोळा आला. मराठीच्या मास्तराला पोरांचे उच्चारच कळेनात, तर उरले काय?

परतताना पांढरकवड्याला अक्काकडे उतरलो. तिने धरून केळापूरच्या जगदंबेला नेले. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर ट्रकांचा गडगडाट, आणि त्या गोंगाटात रातकिडा चक्क गप्प! देवळात घंटेचा नाद विरला, तसा स्वारी पुन्हा हजर. अक्का नवस बोलली. मी एवढेच म्हटले, आई, ‘श’ तेवढा राहू दे.

निजताना अगदी सामसूम नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. अक्काचा जुना पंखा रात्रभर खडखडणारा.

“बंद करू का रे?” तिने विचारले.

“राहू दे,” मी म्हणालो.