सांध्याची आतली बाजू

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वेल्डर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ॲपल्टन गावात नील्स मिलर यांनी 1929 मध्ये सुरू केलेल्या वेल्डिंग मशीनच्या कारखान्याचं नाव आज जगभरच्या वर्कशॉपांत दिसतं. इथे शेतकऱ्याच्या गोठ्यामागेही एखादं मशीन पडलेलं असतं आणि ते चालवणारा एखादा भाचा-पुतण्याही असतो. राज्य दुधाचं, चीजचं. मिलवॉकी शहर तर बिअरवरच वाढलं, आणि दोन्ही धंद्यांना टाक्या-पाइप जोडणारे लागतात. त्यामुळे घरी बिअर करणाऱ्याला वेल्डर मिळतो. त्याचं घोडं अडतं ते पुढे: कोणता जॉब कोणाकडे न्यायचा?

मी पुण्यात धातुशास्त्र शिकलो. पोट भरतो ते डेअऱ्यांच्या स्टीलच्या टाक्या आणि पाइप तपासून, आणि सुट्टीत गॅरेजमध्ये बिअर करतो. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, पण बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली ऑक्टोबर 1978 मध्ये. आता एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन करता येते. विकता मात्र येत नाही. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून पातेलं चढवू नये. तिकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो.)

मॉल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड काढा, म्हणजे वर्ट, हॉप्स घालून तासभर खळखळ उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा, एवढीच कृती. उकळायला बरेच जण बिअरचा जुना केग वापरतात. साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे सुमारे 59 लिटरचा; 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा, दणकट. वरचं झाकण कापायचं आणि तळाशी तोटीसाठी कपलिंग जोडून घ्यायचं. पण दुकानात डिपॉझिट भरून आणलेला केग आपला होत नाही, तो ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो. रीतसर विकत घेतलेलाच कापावा, आणि कापण्याआधी आतला दाब पूर्ण सोडावा.

आता वेल्डर. मी त्यांच्याकडे आधी ते रोज काय जोडतात ते पाहतो. नांगर, ट्रेलर, गेट दुरुस्त करणारा माणूस उत्तम कारागीर असतो. त्याला जोर कळतो. बर्नरचा स्टँड त्याच्याकडेच न्यावा. भरलेला केग साठ किलोंच्या वर जातो आणि तो उकळत असतो, तेव्हा अँगलचे टाके भक्कम हवेत, दिसायला कसेही चालतील. फक्त गॅल्व्हनाइज्ड पाइप देऊ नका. जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. साधं काळं लोखंड न्या.

केगचं कपलिंग मात्र आर्गनचं, म्हणजे टिगचं काम. टंगस्टनच्या टोकावरून आर्क, भोवती आर्गनचं आवरण, हातात 308एलचा फिलर. बाहेरून हे काम सुबक करणारे पुष्कळ आहेत. गोम असते आतल्या बाजूला. वितळलेल्या स्टेनलेसला मागून हवा लागली की त्यातलं क्रोमियम जळतं आणि आत करपलेल्या साखरेसारखा काळा, खडबडीत थर येतो. बाहेरून चकाकणारा सांधा आत बोट फिरवलं की बोटाला टोचतो.

डेअरीच्या पाइपलाइनवर आयुष्य काढलेल्या एका वेल्डरकडे मी माझा केग नेला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "यातून काय जाणार?" मग केगच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवली, कडा टेपने बंद केल्या, आर्गनची बारीक नळी तळापर्यंत सोडली आणि वर पेन्सिलच्या टोकाएवढं भोक ठेवलं. आर्गन हवेपेक्षा जड. तो तळातून भरत वर येतो आणि हवेला बाहेर ढकलतो. थोड्या वेळाने त्याने त्या भोकाशी लायटर धरला. ज्योत विझली, तेव्हाच त्याने डोळ्यांवर काच ओढली. काम झाल्यावर आत टॉर्च मारला तर सांध्याभोवती फिकट गवती रंगाची कड, बस्स. गवती किंवा सोनेरी रंग चालतो. निळा, जांभळा, करडा होत गेला तर समजावं की स्टीलचं गंजरोधक कवच तितकं बिघडलं.

पुस्तकांत आणखी एका गोष्टीचा बाऊ केलेला असतो: 425 ते 870 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला पकडून ठेवतो आणि सांध्याशेजारी गंज धरतो. जाड प्लेटला हे खरं आहे. केगचा पत्रा दोनेक मिलिमीटरचा, काही सेकंदांत गार होतो. त्याच्यासाठी झोप उडवायचं कारण नाही. त्यापेक्षा तारेच्या ब्रशकडे बघा. कालच नांगरावर घासलेला ब्रश आज केगवर फिरला, की लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आठवड्यात तांबूस ठिपके येतात. स्टेनलेसचा ब्रश वेगळा ठेवणारा वेल्डर दिसला की मी निश्चिंत होतो.

इतकं करूनही उकळण्याच्या भांड्यात सांधा थोडा खडबडीत राहिला तरी बिघडत नाही, कारण तासभराची उकळी काही जगू देत नाही. खरी परीक्षा आंबवण्याच्या टाकीची. तिथे उकळी नाही. सांध्याच्या फटीत लॅक्टोबॅसिलस किंवा पेडियोकोकस लपला, की जंतुनाशक वरून वाहून जातं आणि बिअर आंबट होते किंवा तिला लोण्याचा वास येतो. डेअरीत दूध लागणारा पृष्ठभाग 0.8 मायक्रॉनपर्यंत गुळगुळीत लागतो, तो याचसाठी. असं काम करणारा मिळाला तरच टाकीला हात लावू द्यावा. नाहीतर तयार टाकी विकत घ्यावी, हे माझं मत. आणि एक मिलिमीटरहून पातळ पातेलं असेल तर वेल्डिंगच्या फंदात पडू नये. जाड कपलिंग तापेपर्यंत पत्र्याला भोक पडतं. सिलिकॉनच्या रिंगचं नट-बोल्टवालं फिटिंग तिथे छान चालतं.

जॉब नेताना भोक स्वतः पाडून न्या: कटिंग ऑइल भरपूर, ड्रिल हळू, दाब पक्का. ड्रिल नुसतं फिरत राहिलं की स्टेनलेस जागच्या जागी कडक होतं. कपलिंग भोकात घट्ट बसलं पाहिजे, कारण फट जेवढी रुंद तेवढी उष्णता जास्त. बिअरचे डाग, तेल, लेबलचा गोंद काढून टाका. पण क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने मुळीच नाही. आर्कजवळ त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. घरी आणल्यावर सांधा सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्याने धुवा, रात्रभर पाणी भरून ठेवा आणि खाली कोरडा कागद घाला.

मजुरी रोख द्यावी. एका कपलिंगचं वेल्डिंग काही मिनिटांचं, पण फॉइल, टेप, आर्गन, मशीनची सेटिंग यांत तास जातो आणि पैसे त्या तासाचे लागतात. म्हणून आम्ही दोघं-तिघं मित्र आपापले केग एकदमच घेऊन जातो. एकेकाच्या वाट्याला मजुरी बरीच कमी येते, आणि तो डेअरीवाला म्हातारा वेल्डर "हे नीट पुसून आणलंय" म्हणाला तर त्या दिवशी घासाघीस करत नाही.