बोटांना येतं, तोंडाला येत नाही

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर प्रत्येक विंगमध्ये निदान एक गिटार असतेच. तिचा मालक एक आणि वाजवणारे सतरा. क्लास लावलेला सहसा कोणीच नसतो. मोबाईलवर कॉर्ड्सची चित्रं बघायची, बोटं सोलून घ्यायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूमच्या शिव्या खायच्या, हाच आमचा सिलॅबस. अस्मादिकही याच गुरुकुलाचे शिष्य. त्यामुळे "थिअरी शिकावी का?" हा वाद आमच्याकडे मेसच्या बटाट्याइतकाच नित्याचा.

विरोधी पक्षाचा मुद्दा ठरलेला. "जिमी हेंड्रिक्सला कुठे नोटेशन वाचता येत होतं? पॉल मॅकार्टनीला तरी कुठे येतं?" मुद्दा खरा आहे राव. पण हेंड्रिक्स नाव होण्याआधी लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स अशांच्या साथीला वाजवत होता. जॅझवाला वेस माँटगोमेरी, त्यालाही नोटेशन येत नव्हतं, पण चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने रेकॉर्डवरून ऐकून ऐकून बसवले. म्हणजे अभ्यास त्यांनीही केला, फक्त कानाने. आपण चार कॉर्ड्सवर त्यांचं नाव सांगणं म्हणजे बिल गेट्सने कॉलेज सोडलं म्हणून आपण लेक्चर बंक करण्यासारखं आहे.

थिअरीची गरज रूममध्ये एकट्याने वाजवताना कळतच नाही. ती कळते गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला. आमचं एक गाणं जी, ई मायनर, सी, डी असं मस्त बसलं होतं. गाणारी मुलगी लहानपणापासून पेटी शिकलेली. ती म्हणाली, "हे पांढरी पाचमध्ये आहे, मला काळी पाच लागेल." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने बोटांवर मोजलं: जी, जी शार्प, ए, ए शार्प. तीन घरं. "तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लाव, बाकी हात तोच ठेव." कीबोर्डला कॅपो नसतो, म्हणून त्या पोराला तिने प्रत्येक कॉर्ड तीन घरं पुढे सरकवून दिला: ए शार्प, जी मायनर, डी शार्प, एफ. पाच मिनिटांत गाणं उभं. आम्हाला हाताचे आकार पाठ होते, तिला स्वरांमधलं अंतर माहीत होतं.

आणि गणिताला आपण घाबरायचं काही कारण नाही. एक घर पुढे गेलं की फ्रीक्वेन्सी सुमारे १.०५९५ पट होते, म्हणजे २ चं बारावं मूळ. बारा घरांत दुप्पट. म्हणूनच ६५० मिमी लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण ३६.५ मिमीवर आणि बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२५ मिमीवर येतो. एम-थ्री सोडवणाऱ्यांना हे अवघड आहे?

"पण थिअरीने फील जातो!" हा शेवटचा बाण. पं. विष्णु नारायण भातखंडे वकिली शिकलेले. त्यांनी फिरून फिरून उस्तादांकडून बंदिशी जमवल्या आणि मग रागांची दहा थाटांत मांडणी केली. म्हणजे राग आधी, थाट नंतर. त्यांतला बिलावल म्हणजेच आपली मेजर स्केल. शास्त्र हे आधीच वाजत असलेल्या गोष्टीला दिलेलं नाव असतं. त्याने फील कसा जाईल? मात्र सगळे मोड्स पाठ आणि ठेक्यात चार मात्रा धड नाहीत, असेही महाभाग असतात. म्हणून आधी कान आणि ताल, मग नावं.

तेव्हा माझं उत्तर: शिकावी, पण थोडी. जाड्या दोन तारांवरचे स्वर, मेजर स्केलची चाल (दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक) आणि त्या स्केलमधले पहिला, चौथा, पाचवा, सहावा कॉर्ड. एका सेमिस्टरचं काम आहे, पीएलमध्ये सुद्धा होईल.

पुढच्या वर्षी आमची बॅच बाहेर पडेल (केटी नसल्या तर). फर्स्ट इयरची पोरं येऊन विचारतात, "दादा, हे कसं वाजवलंस?" तेव्हा "अरे, असं धर, मग असं" एवढंच सांगता आलं, तर त्यांना ते एकच गाणं मिळतं. नाव आणि अंतर सांगता आलं, तर पुढची गाणी ती स्वतः बसवतात.